उद्यमबागला उन्हाळ्याचं काम मिळालंय, मजगावच्या नव्या लेआउटमध्ये खोली घेऊ का?

तिलारीकाठची | ६ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार. मी चंदगड तालुक्यातली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शेवटचा पेपर शनिवारी झाला. बेळगावात उद्यमबागच्या एका कारखान्यात स्टोअर आणि डिस्पॅचला दोन महिन्यांचं काम मिळालंय. चलनं करायची, टॅलीत बिलं भरायची, आवक-जावक वहीत लिहायची. सकाळी साडेआठ ते साडेपाच, रविवारी सुट्टी, महिना नऊ हजार. तिसऱ्या वर्षाच्या फीला बाबांकडे हात पसरायला नको म्हणून मला हे काम पाहिजेच आहे.

गावाहून रोज ये-जा जमणार नाही. आधी फाट्यापर्यंत यायचं, मग बेळगावचं स्टँड, मग शहराच्या दुसऱ्या टोकाला उद्यमबाग. संध्याकाळी परतीची एसटी चुकली तर संपलंच. म्हणून मजगावच्या कडेला नव्या लेआउटमध्ये एक खोली बघून आलो. खाली एक आजी एकट्या राहतात, वरची खोली देणार. भाडं बावीसशे, डिपॉझिट पाच हजार. खोली चांगली आहे, उजेड भरपूर. पण रविवारी दुपारी दोनला गेलो तर गल्लीत माणूस दिसलं नाही. एका अंगणात साडीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि सावलीला एक कुत्रं होतं, बस. आई तिथंच म्हणाली, इथं हाक मारली तर कोण येईल?

मी घर सोडून कधीच राहिले नाही. कन्नड येत नाही. जेवणाचं काय, संध्याकाळी काय, काहीच कळत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

मजगावकर | ६ एप्रिल, रात्री १०:१५

बाळ, आधी एक काम कर. खोली दुपारी बघितलीस, आता संध्याकाळी सात-साडेसातला घरच्या कुणाला घेऊन परत जा. कारखान्याच्या गेटपासून खोलीपर्यंत चालत ये. खांबावरचे दिवे कुठपर्यंत लागतात, कुठलं दुकान तेव्हा उघडं असतं, कुत्री कुठं बसतात, हे त्याच वेळी कळतं. आमच्या जुन्या गावात रात्री दहापर्यंत कट्ट्यावर माणसं असतात. नव्या लेआउटमध्ये दोन घरं झाली की चार प्लॉट मोकळे, आणि त्या प्लॉटात कमरेएवढं गाजरगवत. त्यातून जाणारा जवळचा रस्ता सकाळी वापर, संध्याकाळी गावातून वळसा घालून जा. दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

साडेपाचला कारखाने सुटले की रस्ता सायकली-दुचाकींनी भरतो. त्या गर्दीबरोबर निघायचं. ओव्हरटाइमला थांबायला सांगितलं तर आधीच म्हणायचं, सोडायला माणूस पाहिजे. हे मागायला लाजू नकोस. आमच्याकडे बायका कामाला आल्या तेव्हा आम्हीच तसं ठरवून घेतलं होतं.

आणखी एक. मी अठ्ठावीस वर्षं फाउंड्रीत काढली. तुझं काम टेबलावरचं असलं तरी माल मोजायला शॉपमध्ये, म्हणजे मशिनी चालतात तिथं, जावं लागणारच. चप्पल नको, पाय झाकणारे बूट घाल. ओढणी घरी ठेव, केस घट्ट बांध. लेथ मशीनवर तुकडा पकडून फिरवणाऱ्या चकानं कापडाचं टोक धरलं तर ओढून घ्यायला वेळ मिळत नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. लेथखाली पडलेला लोखंडाचा कीस कितीही चकचकीत दिसला तरी हात लावू नकोस, ब्लेडसारखा कापतो.

शहापूरची_सून | ७ एप्रिल, दुपारी १:०५

तिलारीकाठची, तुझ्या आईला माझ्याकडून सांग, आजी खाली राहतात ही त्या खोलीतली सगळ्यात मोठी सोय आहे. मुलीनं एकट्यानं वेगळा ब्लॉक घेण्यापेक्षा ही शंभर पटीनं बरी.

कन्नडचं सांगते. मी कोल्हापूरची, लग्न होऊन शहापूरला आले त्याला एकोणीस वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी हट्टानं कन्नडचा शब्द तोंडातून काढला नाही. नुकसान माझंच झालं. शेजारच्या बाईला मूल झालं तर मला चार दिवसांनी कळलं. मी मराठीच आहे, मुलांना मराठी शाळेत घातलं, घरात मराठी पेपर येतो. दारात आलेल्या बाईशी तिच्या बोलीत दोन शब्द बोलले म्हणून त्यातलं काही कमी झालं नाही.

तुला दोन महिन्यांपुरतं इतकं बास: 'एष्टु री' म्हणजे कितीला हो. 'बेकु' पाहिजे, 'बेडा' नको. रिक्षा-बस थांबवायला 'निल्सरी'. कुणी भराभरा बोलायला लागलं तर 'कन्नड बरल्ल री', मला येत नाही हो. शेवटचा तो 'री' कधी विसरू नकोस. आपला 'हो', 'अहो' जसा, तसाच तो. 'री' लावून चुकीचं बोललीस तरी समोरचा हसून समजून घेतो. तसा मजगाव, अनगोळ, येळ्ळूर हा सगळा भाग मराठी बोलणाराच. बाजारात आणि बसमध्येच अडेल.

खडेबाजार | ७ एप्रिल, दुपारी ४:३०

बसच्या खर्चाचा हिशोब धरून ठेव. इथल्या बायकांना शक्ती योजनेत जून २०२३ पासून साध्या सरकारी बसमध्ये शून्य तिकीट मिळतं, पण ते कर्नाटकातल्या रहिवाशांना. तुझ्या आधारवर चंदगडचा पत्ता, म्हणजे पूर्ण तिकीट. आणि एसटीची बायकांची अर्धी सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. शेजारी बसलेली बाई फुकट जातेय आणि आपण पैसे काढतोय, हे पहिल्या आठवड्यात टोचतं. कुणी सांगेल आधारचा पत्ता बदलून घे. तसलं काही करू नकोस. दोन महिन्यांच्या तिकिटासाठी तुझी तिकडची स्कॉलरशिप आणि रहिवासी दाखला अडचणीत येईल.

निपाणीकर | ७ एप्रिल, रात्री ८:५०

मी हिशोबातला माणूस, म्हणून कामाचं लिहितो. सीमेवरच्या डिस्पॅचला बसलेल्या माणसाला एक गोष्ट पाठ पाहिजे. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघायचे. २९ म्हणजे कर्नाटक, २७ म्हणजे महाराष्ट्र. उद्यमबागहून बंगळूरला माल गेला तर पाचशे किलोमीटर, तरी तो राज्यातल्या राज्यात. बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा असे दोन भाग. तुझ्याच वाटेवरच्या शिनोळीला गेला तर अर्ध्या तासाचा रस्ता, पण राज्य बदललं. तिथं आयजीएसटी, दोन राज्यांमधल्या विक्रीचा एकच कर. नवीन मुलं अंतरावर जातात आणि चुकतात. पन्नास हजारांच्या वर किंमत असली की ई-वे बिल, म्हणजे माल वाटेला लागण्याआधी ऑनलाइन काढायचा कागद, हे कॉलेजात शिकवलं असेलच.

तुझं कॉलेजचं पुस्तक बरोबर आण. दोन महिन्यांत ते जेवढं समजेल तेवढं वर्गात तीन वर्षांत समजत नाही.

जांबोटी_घाट | ७ एप्रिल, रात्री ११:३०

सगळ्यांनी बरोबर सांगितलंय. मी राहिलेलं सांगतो, कारण मी हे केलंय आणि अर्ध्यात सोडून आलोय.

तीन वर्षांपूर्वी मी डिप्लोमाला असताना असाच शहराबाहेर एका कॉलनीत राहिलो. काम जड नव्हतं. संध्याकाळ जड होती. सहाला खोलीत यायचो. आमच्या घरी त्या वेळी गोठ्यात धारा चालू असतात, आजी ओरडत असते, कुणाच्या तरी घरी टीव्ही मोठ्यानं लागलेला असतो. इथं फाटकाची कडी लावल्याचा आवाज चार घरं ऐकू जायचा. सातला सगळ्यांची दारं बंद. मी मोबाइल घेऊन पडायचो आणि अकरा कधी वाजायचे कळायचं नाही. जेवायला बाहेर जायचा कंटाळा, मग बिस्किटं. दर शनिवारी दुपारीच गावाकडे पळायचो. सोमवारी पहाटे परत येताना अनमोडला चाललेल्या ट्रकवाल्याबरोबर गप्पा मारत जावं असं वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात ताप आला, दोन दिवस कुणालाच कळलं नाही. चौथ्या आठवड्यात बॅग भरली. घरमालकानं डिपॉझिटचे निम्मे पैसे दिले नाहीत, रंगकामाला लागतील म्हणाले. माझ्याकडे पावती नव्हती.

म्हणून तुला सांगतो. पावती घे, त्यावर तारीख आणि 'सोडताना पूर्ण परत' हे शब्द असू देत. डबा लाव, हाताशी भांडी असली तरी लाव. आणि पहिले दोन रविवार गावाला जाऊ नकोस. मी गेलो तिथंच चुकलो. ज्या ठिकाणी तुम्ही सुट्टीच्या दिवशी नसता तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही. लोक रविवारी सकाळीच दारात असतात, पाणी भरत, गाडी धूत.

तिलारीकाठची | ८ एप्रिल, सकाळी ७:२०

जांबोटी दादा, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, त्या पोराला जेवायला बोलव एकदा. काल संध्याकाळी बाबा आणि मी सातला रस्ता बघून आलो. मजगावकर काका म्हणाले तसंच होतं, मोकळ्या प्लॉटांकडे दोन खांबांवर दिवे नाहीत. गावातून वळसा घातला तर किराणा दुकान, गिरणी, देवळाचा कट्टा, सगळीकडे उजेड. आजींनी पावती लिहून दिली. खोली घेतली.

मजगावकर | ८ एप्रिल, सकाळी ८:००

छान केलंस. पोचलीस की कळव.

तिलारीकाठची | २१ एप्रिल, रात्री ९:१०

उशिरा लिहितेय. पहिला आठवडा जमला, दुसऱ्यात चूक झाली, तीच आधी सांगते.

आमच्याकडून काही कास्टिंग मशिनिंगला शिनोळीला गेले. विक्री नाही, जॉबवर्कचं चलन, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून माल परत आणायचा. निपाणीकर दादांचं २७-२९ मला पाठ होतं, विक्री नाही म्हणजे कर नाही हेही बरोबर लिहिलं. मालाची किंमत अठरा हजार. पन्नासच्या खाली, म्हणून ई-वे बिल केलं नाही. टेंपो भरला, ताडपत्री बांधली, ड्रायव्हरनं चलन खिशात घातलं. गेटवर आमच्या स्टोअरच्या वरिष्ठ बाईंनी कागद मागितले आणि टेंपो थांबवला. दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला माल जातो तेव्हा किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. त्या ओरडल्या नाहीत. संगणकापुढे खुर्ची ओढून दिली आणि म्हणाल्या, कर, मी बघते. वाहनाचा नंबर टाकताना माझी बोटं कापत होती. पंधरा मिनिटं ड्रायव्हर खाली बिडी ओढत उभा होता. लाज वाटली, पण आता हा नियम मी मेले तरी विसरणार नाही.

रोज माझ्याच गावाकडच्या रस्त्यानं माल जातो आणि तो 'परराज्यात' गेला असं मी लिहिते. पहिल्यांदा तो शब्द टाइप केला तेव्हा दोन मिनिटं हात थांबला. शिनोळीला माझी मावशी राहते.

संध्याकाळचं. पहिले तीन दिवस मी रडले. चौथ्या दिवशी आजी वर आल्या, म्हणाल्या, जेवलीस काय गे? आणि उत्तराची वाट न बघता सांडग्यांचं पीठ घेऊन खाली बोलावलं. आता सकाळी कामाला जायच्या आधी मी गच्चीवर प्लास्टिकवर सांडगे घालते. ते दुपारी चारला उलटायचे, ते आजी करतात. सहाला आले की आम्ही दोघी काढून डब्यात भरतो. परवा वळीव आला तेव्हा शेजारच्या घरातल्या दोन बायका आमच्या गच्चीवर धावत आल्या आणि सगळं आवरून गेल्या. मी कामावर होते. आल्यावर आजींनी सांगितलं. आई विचारत होती ना, हाक मारली तर कोण येईल. फोन करून हेच सांगितलं.

शहापूरची_सून | २१ एप्रिल, रात्री ९:४५

वाचून डोळे भरले गं. सांडगे उन्हातून काढल्या काढल्या डब्यात भरू नकोस, गार होऊ दे. नाहीतर पावसाळ्यात वास येतो.

निपाणीकर | २१ एप्रिल, रात्री १०:०५

चूक माझी. जॉबवर्कचा तो अपवाद तेव्हाच लिहायला हवा होता. तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग, अशी शिकवणारी माणसं कमी असतात. असाच आणखी एक नियम लिहून ठेव: जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर ती विक्री धरतात. म्हणून परत आलेल्या मालाची नोंद जुन्या चलनाच्या नंबरासमोरच करायची.

जांबोटी_घाट | २२ एप्रिल, सकाळी ६:५०

रविवारी थांबलीस का?

तिलारीकाठची | २२ एप्रिल, रात्री ८:३०

दोन्ही थांबले दादा. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मोकळ्या प्लॉटावर पोरं जमली होती. मजगावच्या मंडळाचा शिवजयंतीचा चित्ररथ आहे, त्याची तालीम. मी गच्चीवरून बघत होते. एका मुलाला निवेदन वाचता येईना, अडखळत होता. मी वरूनच चुकलेला शब्द सांगितला, तर सगळे वर बघायला लागले. आता निवेदन मी वाचतेय.

खडेबाजार | २२ एप्रिल, रात्री ९:२०

बाहेरच्या वाचकांसाठी लिहितो. बेळगावात शिवजयंती परंपरेप्रमाणे वैशाख शुद्ध द्वितीयेला करतात, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी. चित्ररथांची मिरवणूक त्यानंतर रात्री निघते आणि पहाटेपर्यंत चालते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सजीव देखावे, ठरावीक अंतरावर थांबून प्रसंग करायचा आणि पुढं सरकायचं. आमच्या लहानपणी आम्ही बाजारपेठेत कुणाच्या तरी माडीवर जागा धरून रात्रभर बघायचो. तिलारीकाठची, तू ट्रॉलीवरून बघणार. मला हेवा वाटतोय.

तिलारीकाठची | ४ मे, दुपारी १२:१५

झाली मिरवणूक. घसा बसलाय म्हणून आज लिहितेय.

आमचा प्रसंग घोडखिंडीचा, १६६० सालचा. बाजीप्रभू झालेला मुलगा दहावीचा, दिवसा बापाबरोबर भाजी विकतो. आजींच्या पलीकडच्या घरातला तिसरीतला मुलगा मावळा होता. घरी कन्नड, शाळा कन्नड. त्याच्या वाट्याला दोन वाक्यं होती, ती त्याला वाचता येईनात. मी रोज संध्याकाळी पायरीवर बसून त्याच्याकडून बोलून घेतली. 'राजे गडावर पोचले, तोफा झाल्या!' हे वाक्य त्यानं निदान दोनशे वेळा म्हटलं असेल. बदल्यात तो मला पाटीवर अक्षरं काढून द्यायचा. कन्नडमधले दोन आणि तीन आपल्यासारखेच दिसतात हे त्यानं पहिल्या दिवशी दाखवलं आणि म्हणाला, बघ, तुला अर्धं येतंयच. आता बसवरचा 'उद्यमबाग' मी लांबून ओळखते.

रात्री सव्वादोनला आमची ट्रॉली गर्दीत अडकली. तो मुलगा फेटा डोळ्यांवर घसरलेला तसाच माझ्या मांडीवर झोपला. प्रसंगाची वेळ आली तेव्हा हलवून उठवला, तर डोळे मिटूनच ओरडला, राजे गडावर पोचले. खालच्या गर्दीनं जी टाळी दिली ती अजून कानात आहे. त्याची आई ट्रॉलीच्या मागनं चालत होती, हातात पाण्याची बाटली आणि त्याच्या चपला घेऊन. घरी पोचलो तेव्हा उजाडलं होतं. आजी फाटकात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

मजगावकर | ४ मे, दुपारी २:४०

तो निवेदनाचा आवाज तुझा होता होय! मी चौकात उभा होतो. माझ्या बायकोनं विचारलं, ही पोरगी कुणाची, आपल्या गल्लीतली दिसत नाही. मी म्हटलं, असेल कुणाची तरी पाहुणी. आता रविवारी घरी जेवायला ये, आजींना घेऊन ये. पत्ता निरोपातून पाठवतो.

जांबोटी_घाट | ४ मे, रात्री ११:१०

मी ज्या कॉलनीत होतो तिथंही मागच्या मैदानात पोरं रोज खेळायची. मी खिडकी लावून घ्यायचो, आवाज होतो म्हणून. तुझं वाचल्यापासून तेच आठवतंय.

तिलारीकाठची | ५ मे, सकाळी ७:००

दादा, असं नका म्हणू. तुम्ही ते दोन रविवारांचं लिहिलं नसतं तर मीही शनिवारी पळाले असते, बॅग भरलेलीच होती. आई अजून विचारते, तो मुलगा कधी येणार जेवायला. करवंदं घेऊन या, जांबोटीची.

सदलगा_९ | ८ जून, रात्री ८:००

जुना धागा वर काढतोय. माझ्या बहिणीला उद्यमबागला सहा महिन्यांची ट्रेनी म्हणून निवडलंय. ती मजगावची खोली रिकामी झाली का?

तिलारीकाठची | ८ जून, रात्री ९:३०

हो, काल सोडली. डिपॉझिट पूर्ण परत मिळालं, पावती दाखवावी लागलीच नाही. आजींचा नंबर निरोपातून पाठवते, पण आधी मी त्यांना विचारते. बहिणीला सांगा, पावसाळ्यात गावातून वळसा घालायच्या रस्त्यावर गिरणीसमोर पाणी साचतं, गुडघ्यापर्यंतचे बूट आणावेत. छत्रीबरोबर टॉर्चही. त्या दोन खांबांवर अजून दिवे नाहीत, त्यासाठी आम्ही गल्लीतल्या बायकांनी मिळून अर्ज दिलाय, त्यावर तिची सही चालेल. खोलीच्या खिडकीतल्या डब्यात सांडगे ठेवून आलेय, ते तिच्यासाठीच समजा. आणि पलीकडच्या घरात तिसरीतून चौथीत गेलेला एक मुलगा आहे, त्याला देवनागरी 'क' पासून 'प' पर्यंत येतंय. पुढचं राहिलंय.